पहारा हवा, जमाव नको

बाजारात एखादे दुकान फुटले की पहिले आठ दिवस सारा बाजार जागा असतो. चहाच्या टपरीवर तीच चर्चा, मस्जिदीबाहेर तीच चर्चा. कोणी म्हणतो गुरखा ठेवा, कोणी म्हणतो कॅमेरे लावा, कोणी म्हणतो तरुण पोरांची गस्त काढा. चार रात्री पोरे फिरतातही. पाचव्या रात्री दोघेच येतात, आठव्या रात्री कोणीच येत नाही. मग पुढचे दुकान फुटेपर्यंत सगळे शांत. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावात हे चक्र ज्याने पाहिले नाही असा व्यापारी विरळाच.

मोठ्या पेढीची चोरी झाली तर ती नुकसान सोसून पुन्हा उभी राहते. पण शिंप्याच्या मशीनचे डोके गेले, वेल्डिंगवाल्याचा सेट गेला, मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरून गिऱ्हाइकांचे दहा हँडसेट गेले, तर त्या घराची चूल थांबते. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे हत्यार. ते बहुधा जुने, कोणाकडून तरी रोखीने घेतलेले असते. त्याचे बिल नसते, विमाही नसतो. वर गिऱ्हाइकाच्या मालाची भरपाईही त्यानेच करायची. म्हणून मोहल्ल्याचा आणि बाजारपेठेचा पहारा हा आमच्या मते शौकाचा नव्हे, धंद्याचा विषय आहे. असा पहारा कायमचा बसवावा, याच मताचे आम्ही आहोत.

पण हे साक्रीत लिहिताना एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एका दिवशी दोन गावे

१ जुलै २०१८, रविवार. आपल्याच साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला असलेल्या राईनपाडा गावी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत त्या गावात आले. मूळचे ते सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले आणि त्याच बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या फिरून पोट भरणारे. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश मोबाईलवरून गावोगाव फिरत होते. यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलला एवढे निमित्त झाले आणि बाजारातला जमाव त्यांच्यावर तुटून पडला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. एकही मूल पळवले गेले नव्हते. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. म्हणजे मेलेल्यांची पाच घरे उद्ध्वस्त झाली आणि मारणाऱ्यांचीही.

त्याच दिवशी रात्री इथून फार लांब नसलेल्या मालेगावात असाच प्रसंग आला. बाहेरगावाहून आलेले एक कुटुंब, सोबत जेमतेम दोन वर्षांचे मूल. मुले पळवणारे म्हणून त्यांनाही जमावाने घेरले. मालेगाव हे यंत्रमागांचे, आपल्याच विणकर भावांचे गाव. तो जमाव आपल्या लोकांचा होता, हे कबूल केले पाहिजे. पण तिथल्याच एका रहिवाशाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार धरून ठेवले. पोलिसांवरही जमाव धावला, तरी ते कुटुंब जिवंत सुटले.

अफवा तीच, तारीख तीच. एका गावात पाच प्रेते पडली, दुसऱ्या गावात एका माणसाच्या दारामुळे पाच जीव वाचले. आमच्या मते खरा पहारेकरी तो दार उघडणारा माणूस होता. राईनपाड्याच्या त्या गर्दीतले लोकही स्वतःला गावचे राखणदारच समजत होते, हे विसरता कामा नये. आपल्या मुलांचे रक्षण करतो आहोत, याच समजुतीने हात उठले. तेव्हा पहारा बसवायचा तर त्याचा जमाव होणार नाही याची तजवीज पहिल्या दिवशीच करावी लागते. प्रसंग आल्यावर ती करता येत नाही.

परका माणूस म्हणजे कोण?

व्यापाऱ्यांच्या पानावर हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ‘परका माणूस’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो बहुतेक वेळा आपलाच असतो.

आपल्या समाजातले निम्मे धंदे पायावर चालतात. पिंजारी गाद्या भरायला पाड्यापाड्यांवर जातो. मणियार बांगड्यांची पेटी घेऊन बायाबापड्यांच्या दारात बसतो. कल्हईवाला, भंगारवाला, चादरी-गालिचे विकणारा, बागवान, शेळ्या-बकऱ्या खरेदी करणारा खाटीक, हे सगळे रोज दुसऱ्याच्या गावात परके असतात. मूल दिसले तर हसून बोलतात, कारण मुलाच्या हाकेवर त्याची आई बाहेर येते आणि सौदा होतो. राईनपाड्यात एका मुलीशी बोलणे हा गुन्हा ठरला. तोच न्याय गावोगाव लागू झाला तर आपल्या फेरीवाल्याने पोट भरायचे कसे?

स्वतःच स्वतःची नेमणूक करून घेतलेल्या रखवालदारांचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध प्रवाशाला, त्याच्या डब्यात कसले मांस आहे या संशयावरून, सहप्रवाशांनी मारहाण केली. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. संशयावरून झडती घेण्याचा आणि हात उगारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असे आपण तेव्हा विचारले. मग उद्या आपल्या मोहल्ल्यात एखादा पारधी, एखादा डवरी गोसावी, एखादा परप्रांतीय मजूर रात्री चुकून शिरला, तर हाच प्रश्न आपण आपल्या पोरांना विचारणार की नाही? जे आपल्यासाठी मागतो ते दुसऱ्याला द्यायची तयारी नसेल, तर पहाऱ्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो डाग पुसला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, आणि त्यांच्यात मुसलमान आहेत. ‘ती जातच चोरांची’ हे वाक्य किती लांबवर पोहोचते, हे यावरून समजावे.

खानदेशचा जुना धडा

पहारा ही आपल्याकडे आज निघालेली कल्पना नव्हे. गावगाड्यात जागल्या असे. रात्रीचा पहारा त्याच्याकडे, आणि त्याबद्दल गावाकडून त्याला धान्याचा ठरलेला वाटा मिळे. खानदेशात हे काम अनेक ठिकाणी भिल्लांकडे होते. दुष्काळ, पेंढाऱ्यांचा धुमाकूळ आणि पेशवाईच्या अखेरीची बेबंदशाही यांत गावे उजाड झाली, जागल्यांचे हक्क बुडाले, आणि जे राखण करीत होते त्यांतले पुष्कळ डोंगरात जाऊन लूट करू लागले. १८१८ नंतर इंग्रजांनी नुसत्या फौजा पाठवून पाहिले, ते पुरे पडले नाही. मग बुडालेले हक्क मान्य करणे, जमिनी आणि बी-बियाणे देणे सुरू झाले, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. ज्यांची भीती वाटत होती त्यांच्याच हाती बंदोबस्त आला.

इंग्रजांचा त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. पण व्यापाऱ्याने घ्यावा असा धडाही त्यात आहे. फुकटचा पहारा टिकत नाही, आणि ज्यांना पहाऱ्याबाहेर ठेवाल त्यांच्यापासूनच भीती उरते.

भिवंडीने काय केले?

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले. १९७० आणि १९८४ साली भिवंडी जळाली. माग बंद, गोदामे खाक, कारागीर गावी परतलेले. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची रीत साधी होती. प्रत्येक वस्तीची जबाबदारी ठरलेल्या पोलीस कर्मचाऱ्यावर, आणि त्या वस्तीतल्या हिंदू-मुसलमान सामान्य माणसांची एक समिती. बडे पुढारी नव्हेत, तर रोज गल्लीत राहणारे लोक. त्यांनी नेमाने एकत्र बसायचे. दंगल झाल्यावरच नव्हे, तर नळ, गटार, शेजाऱ्याचे भांडण, पोरांची छेडछाड यांवरही बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

भिवंडीची समिती चोर पकडायला निघालेली नव्हती. ती ओळख वाढवायला निघाली होती. ओळख वाढली की अफवा विचारून घेता येते. ‘अमुक गल्लीत असे झाले म्हणतात, खरे का?’ असे विचारायला पलीकडच्या गल्लीत एक माणूस आणि पोलीस ठाण्यात एक माणूस हवा. राईनपाड्यात त्या दिवशी नेमके हेच कमी पडले.

करायचे कसे?

आता हिशेबाचे बोलू. समजा एका पेठेत साठ दुकाने आहेत. रोज रात्री चार माणसे, दोघे अकरा ते दोन आणि दोघे दोन ते पाच. म्हणजे एका दुकानाची पाळी पंधरा दिवसांनी येते, आणि तीही तीन तासांची. एवढे कोणालाही झेपते. ज्याला वयामुळे किंवा आजारामुळे जमत नाही त्याने महिन्याचे ठरलेले पैसे द्यावेत. प्रत्येक दुकानाने दोनशे रुपये दिले तर महिन्याला बारा हजार जमतात. त्यातून चांगल्या बॅटऱ्या, शिट्ट्या, कोपऱ्यावरचे दिवे आणि पुढे पगारी रखवालदार होऊ शकतो. पैशाची वही एकाने लिहावी, दुसऱ्याने तपासावी, आणि दर महिन्याला सर्वांना वाचून दाखवावी. वही बंद झाली की पहारा बंद झाला असे समजावे.

पाळीत एकाच समाजाची माणसे नसावीत. बाजारपेठ कोणा एकाची नसते. तिथे वाणी असतो, मारवाडी असतो, मराठा, माळी, आदिवासी असतो आणि आपणही असतो. चौघांत दोन समाजांची माणसे असावीत, असा नियमच करावा. याचा रोकडा फायदाही आहे. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी आपली घरे रिकामी असतात आणि ईदच्या आदल्या रात्री माणसे खरेदीत असतात. त्या रात्री शेजारच्या हिंदू दुकानदाराने पाळी घ्यावी. लक्ष्मीपूजनाच्या आणि गणेश विसर्जनाच्या रात्री आपण घ्यावी. अशी अदलाबदल एक वर्ष चालली तर चोर तर कमी होतीलच, पण सणासुदीला पेठेत उगाच वाढणारा ताणही कमी होईल.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आणि पाळीच्या माणसांची यादी देऊनच सुरुवात करावी. ओळखपत्रासाठी ठाण्याकडे मागणी करावी. खेड्यात असाल तर पोलीस पाटलाला सोबत घ्यावे. ही औपचारिकता नाही. आपल्या आयांना खरी धास्ती असते ती चोराची नसून ‘रात्री पोरगा फिरताना पोलिसांनी उचलला तर?’ याची. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी पोलीस गोळीबारात आपले सहा तरुण गेले. ते घर अजून विसरलेले नाही आणि या भागातले कोणतेही घर विसरलेले नाही. ती धास्ती खोटी म्हणून उडवून लावणे आम्हाला मान्य नाही. पण तिच्यावर उपाय घरी बसणे हा नव्हे. यादी ठाण्यात, सोबत दुसऱ्या समाजाचा शेजारी आणि गळ्यात ओळखपत्र, हाच उपाय आहे.

हत्यार कोणाच्याही हाती नको. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ३७ खाली जिल्हा प्रशासन वेळोवेळी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश काढते. त्यात लाठीकाठीही येते. तेव्हा काठीसुद्धा ठाण्यात विचारूनच घ्यावी. बॅटरी, शिट्टी आणि फोन एवढे पुष्कळ आहे. चोर उजेडाला आणि आवाजाला भितो.

कायद्याच्या चार गोष्टी

पाळीवरच्या प्रत्येकाला हे तोंडपाठ हवे.

पहिली गोष्ट. आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो. पण विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० हे सांगते. नुसता संशय हे पकडण्याचे कारण नाही. पकडलेल्याला मारणे, बांधून मिरवणे, त्याची चित्रफीत काढून पसरवणे याला कोणताही कायदा परवानगी देत नाही.

दुसरी गोष्ट. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. ‘मी फक्त उभा होतो’ म्हणणाऱ्यालाही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तोवर दुकान बंदच राहते.

तिसरी गोष्ट. अनोळखी माणूस दिसला तर दोन वाक्ये पुरेत. ‘कोणाकडे जायचे आहे? मी काही मदत करू का?’ प्रामाणिक माणसाला वाट सापडते, चोराला आपल्याला पाहिले आहे हे समजते. उत्तर पटले नाही तर अंतर ठेवून ११२ ला फोन करावा. गर्दी जमू लागली तर त्या माणसाला जवळच्या घरात घ्यावे आणि दार लावावे. मालेगावच्या त्या माणसाने हेच केले.

चौथी गोष्ट. मोबाईलवरच्या गटात दोघा-तिघांनीच संदेश टाकावेत, आणि तेही ठाण्यातून खात्री झाल्यावर. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जागृतीपटातून कापून घेतलेली होती. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण मर्यादा यंत्राला घालता येते. माणसाने स्वतःला घालून घ्यायची असते.

आपल्या दुकानातले चोरपाऊल

शेवटची गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. चोरीचा माल विकत घेणारा नसेल तर चोर चोरी कशाला करील? साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आहे, शेतोशेती विहिरींवर मोटारी आहेत. तांब्याची तार, मोटारी, बॅटऱ्या हा हलका आणि महागडा माल. तो वितळतो कुठे, कापला जातो कुठे, याची चौकशी सुरू झाली की पहिले बोट भंगारवाल्याकडे आणि जुने मोबाईल घेणाऱ्याकडे जाते. हे दोन्ही धंदे आपल्यात पुष्कळ आहेत. शंभरांतले नव्वदहून अधिक लोक सचोटीने धंदा करतात याबद्दल आम्हाला शंका नाही. पण एकाच्या लोभापायी साऱ्या रांगेवर छापा पडतो.

चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे समजायला कारण असताना, तो घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून प्रत्येक खरेदीची वही ठेवावी. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत, मालाचे वर्णन, तारीख, सही. अर्ध्या भावात, अंधार पडल्यावर, घाईने आलेला माल स्वस्त नसतो. ज्या पेठेतले भंगारवाले आणि मोबाईलवाले मिळून असा नियम करतील, त्या पेठेचा निम्मा पहारा तिथेच झाला.

आणि स्वतःच्या मालाचीही वही असावी. मशीनचा क्रमांक, हत्यारावर कोरलेली खूण, खरेदीचे बिल, नसेल तर फोटो. चोरीचा विमा घेतला असला तरी दार किंवा शटर फोडल्याची खूण, पोलिसांतल्या फिर्यादीची प्रत आणि मालाचा हिशेब नसेल तर दावा अडकतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळणे हा आपला हक्क आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते.

हे पोलिसांचे काम आहे, आपण का करावे, असे काही भाऊ म्हणतात. पोलिसांचे काम पोलिसांनीच करायचे आहे, आणि ते करवून घेण्यासाठीच गल्लीने संघटित व्हायचे. विखुरलेल्या साठ दुकानदारांचे ठाण्यात कोणी ऐकत नाही. साठ सह्यांचा अर्ज मात्र ठेवून घ्यावा लागतो.

तेव्हा पुढचे दुकान फुटण्याची वाट न पाहता, येत्या आठवड्यात एका संध्याकाळी दुकाने अर्धा तास लवकर बंद करावीत. शेजारच्या सर्व समाजांच्या दुकानदारांना स्वतः जाऊन बोलवावे, निरोपावर भागवू नये. एक वही आणावी, पहिल्या पानावर पाळ्या लिहाव्यात आणि दुसऱ्या पानावर एकच नियम लिहून सर्वांनी त्याखाली सही करावी: आमच्या पाळीत कोणावरही हात उगारला जाणार नाही. ज्याला ही सही जड वाटते त्याला पाळी देऊ नये. राईनपाडा आपल्या तालुक्यात आहे. त्या नावाचे आपल्यावर एवढे तरी ऋण आहे.